बरे झालेल्यांची फुफ्फुसे कोणी तपासायची?

भोसरीच्या फाउंड्रीत किंवा चाकणच्या वेल्डिंग शॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवलेला कामगार घशाच्या कर्करोगातून बरा झाला, की त्याचा फॉलो-अप जुना आजार उलटला का, एवढ्यापुरताच चालतो. फुफ्फुसात नवा, वेगळा कर्करोग उद्भवेल का, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर घसा पोळणारा विडीचा धूर पुढे फुफ्फुसातच उतरतो. हॉजकिन लिम्फोमासाठी छातीला दिलेल्या रेडिएशननेही हा धोका वाढतो. त्यात कारखान्याची भर आहेच: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा आणि २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला.

मग सगळ्यांचाच सीटी स्कॅन का करू नये? डॉक्टर कचरतात, त्याला कारण आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, कमी मात्रेच्या सीटीमुळे धूम्रपान करणाऱ्यांमधील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. पण आधीच्या पाच वर्षांत कर्करोगावर उपचार झालेल्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. शिवाय सीटीत संशय आलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांना कर्करोग नव्हता. आपल्याकडे तर क्षयाचे जुने व्रण घरोघरी. प्रत्येक डागामागे बायोप्सी आणि ‘पुन्हा पसरला की काय’ ही धास्ती.

हे आक्षेप खरे आहेत, पण ते सरसकट तपासणीला लागू पडतात, निवडक तपासणीला नव्हे. नुसती तंबाखू किंवा मिश्री लावून तोंडाचा कर्करोग झालेल्याच्या फुफ्फुसात धूर गेलेला नसतो; त्याला या स्कॅनची घाई नाही. वीस वर्षे विडी ओढून घशाचा कर्करोग झालेल्याचे गणित वेगळे. अमेरिकेचा २०२१चा निकष वय ५० ते ८० आणि रोज एक पाकीट याप्रमाणे वीस वर्षांचे धूम्रपान, तेही चालू किंवा गेल्या १५ वर्षांत सुटलेले, असा आहे. त्यात विडीचा हिशेब नाही आणि भट्टीवरच्या धुळीचाही नाही. तो हिशेब इथल्या डॉक्टरांनाच मांडावा लागेल. सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांपुढे गेलेली नाही. म्हणून महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयापासून ईएसआय दवाखान्यापर्यंत बऱ्या झालेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर तीन नोंदी हव्यात: विडी किती वर्षे ओढली, छातीला शेक दिला होता का, काम कोणत्या खात्यात केले. स्कॅन कोणाचा करायचा, हे त्यानंतर ठरवता येईल. या नोंदींना मात्र मशीन लागत नाही.