चर्चच्या नळ्या आणि सातारा-सांगलीची पेटी

ल्यूथरपंथी चर्चमध्ये पाइप ऑर्गनचे मुख्य काम समुदायाच्या गाण्याला आधार देण्याचे. मार्टिन ल्यूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी विटेनबर्गला आपली मते जाहीर केली, तेव्हा युरोपातल्या उपासनेत लॅटिन गायन पाद्री आणि शिकवलेले गायकवृंद करत. बाकीचे लोक ऐकत. लोकांनी स्वतःच्या भाषेत गावे हा ल्यूथरचा आग्रह होता. 1524 मध्ये त्याच्या गीतांची पहिली जर्मन पुस्तके छापली गेली. त्याच दशकात झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीच्या प्रभावाखाली ऑर्गन बंद पाडले जात होते. ल्यूथरच्या अनुयायांनी मात्र ते ठेवले, वाढवले. पुढच्या दोन शतकांत उत्तर जर्मनीतली व्यापारी शहरे मोठ्या ऑर्गनसाठी एकमेकांशी चढाओढ करू लागली.

हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला, आर्प श्निटगरने 1693 मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन या परंपरेचा उत्तम नमुना आहे. त्याला हातांसाठी पट्ट्यांच्या चार रांगा, पायांसाठी वेगळी रांग आणि सुमारे 4,000 नळ्या आहेत. पहिल्या महायुद्धात त्याच्या दर्शनी कथिलाच्या नळ्या सरकारने धातूसाठी काढून नेल्या. दुसऱ्या महायुद्धात नळ्या आणि यंत्रणा आधीच हलवून ठेवल्या होत्या, म्हणून चर्च उद्ध्वस्त झाले तरी त्या वाचल्या.

या वाद्यात भाता हवा दाबून एका मोठ्या पेटीत भरतो. पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळीखालची झडप उघडते आणि नळी बासरीसारखी वाजते. एका नळीतून एकच स्वर निघतो. त्यामुळे जितके स्वर आणि जितके आवाजाचे प्रकार, तितक्या नळ्या लागतात. सर्वांत खालच्या स्वरांसाठी 16 फूट, कधी 32 फूट लांबीची नळी बसवावी लागते. असे वाद्य विकत आणून ठेवता येत नाही, ते इमारतीसोबत बांधावे लागते. लाकूड, कातडे आणि शिसे-कथील यांच्या या रचनेला दमट हवा आणि वाळवी दोन्ही बाधतात.

ल्यूथरपंथी मिशनचा मराठी राज्यकर्त्यांशी जवळचा संबंध आला तो तंजावरला. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूटशाऊ हे जर्मन मिशनरी 1706 मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगंबाडीला उतरले. तिथले न्यू जेरुसलेम चर्च 1718 चे. याच मिशनचा क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या भोसले दरबारात वावरला. तो मराठी शिकला आणि दत्तक राजपुत्र सरफोजींचा पालक झाला. तंजावरच्या किल्ल्यातले त्याचे चर्च 1779 चे आहे. श्वार्ट्झ 1798 मध्ये वारला, तेव्हा सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मृत्युशय्येवरचा पाद्री आणि शेजारी उभे राजे, असे ते शिल्प आहे. दरबारात पाश्चात्य वाद्ये रुजली होती आणि राजवाड्याचा बँड नावाजलेला होता. भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेच्या साताऱ्यात तोवर असे काही घडलेले नव्हते.

साताऱ्यात मिशन आले ते राज्य गेल्यावर. 1848 मध्ये इंग्रजांनी सातारा खालसा केला आणि 1849 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथे ठाणे उघडले. सांगलीत 1884 मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन आले. मिरजेचे विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय त्याच मिशनचे. यांपैकी कुणीही ल्यूथरपंथी नव्हते. पैसा शाळा, दवाखाने आणि दुष्काळी कामांत जाई; चर्चच्या इमारती साध्या होत्या. नळ्यांचे ऑर्गन मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चसारख्या, सरकारचा आणि फौजेचा आधार असलेल्या ठिकाणी बसले. पण समुदायाने स्वतःच्या भाषेत गावे हा ल्यूथरचा आग्रह एव्हाना सगळ्याच प्रॉटेस्टंट पंथांचा झाला होता आणि गाण्याला आधाराचा सूर हवाच होता.

तो मिळाला पितळी जिभेतून. पातळ जीभ हवेने थरथरवून स्वर काढण्याची युक्ती चीनच्या शेंग वाद्यात फार जुनी आहे. अठराव्या शतकात तिचा युरोपात अभ्यास झाला. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने 1840 च्या सुमारास तिच्यावर हार्मोनियम बांधले. अमेरिकेत एस्टी, मेसन अँड हॅम्लिन यांसारख्या कारखान्यांनी हवा आत ओढणारे पायपेटीचे प्रकार हजारोंनी काढले. बोटाएवढी जीभ कित्येक फूट लांबीच्या नळीचे काम करी आणि पेटी बैलगाडीतून नेता येई. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायांचा भाता काढून हाताचा बसवला. जमिनीवर बसून गाणाऱ्यांना हे वाद्य चपखल बसले.

मराठी ख्रिस्ती उपासनेचे सूर मात्र पेटीने ठरवले नाहीत. भाषांतरित गीते परक्या चालींवर गाताना मराठी शब्दांचे वजन मोडे. 1860 च्या दशकात अहमदनगर भागात कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची शेकडो पदे लिहून ते काम पुढे नेले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळक साताऱ्यात आले आणि तिथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. दोन वर्षांत, 1919 मध्ये, त्यांचे निधन झाले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात देशी आणि विलायती चाली शेजारी नांदतात.

पेटीचा खरा संसार थाटला गेला तो रंगभूमीवर, आणि तिथे सांगलीचा वाटा मोठा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीच्या दरबारात केले. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. खाडिलकरांच्या 1911 च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या त्या हार्मोनियमवादक गोविंदराव टेंब्यांनी. सारंगीच्या जोडीला आलेल्या पायपेटीचा भरदार सूर ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. चर्चमध्ये भाविकांना सूर देणारे वाद्य मंगलाचरणाला नटांना सूर देऊ लागले.

पण पेटीत एक अडचण होती, आणि ती चर्चच्या ऑर्गनकडूनच वारशाने आली होती. पट्टीचा स्वर ठरलेला असतो. गायकासारखा तो हलवता येत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की शुद्ध गंधार खऱ्या, 5:4 या प्रमाणातल्या गंधारापेक्षा चढा लागतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर हा चढ सुमारे चौदा भागांचा भरतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला तो लगेच टोचतो. युरोपातले जुने ऑर्गन कारागीरही समान भागांवर समाधानी नव्हते. ते गंधार शुद्ध ठेवत आणि त्यापायी काही स्वरजोड्या बिघडू देत. काहींनी तर एका काळ्या पट्टीचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगळी नळी दिली होती.

हीच खटपट साताऱ्यात नव्याने झाली. निवृत्त उपजिल्हाधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची प्रमाणे मोजली आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवरचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचे, आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना मिळाले. 1911 मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. पडताळणीसाठी गायक अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा सुरेल गळा लाभला. त्यानंतर लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची खास पेटी करवून घेण्यात आली. सरकारी अधिकाऱ्यांच्या या हौसेत अभ्यास खरा होता, तसाच गणितावरचा विश्वासही जरा जास्तच होता. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली तेव्हा जमलेल्या कलावंतांना ती पटली नाही. गंधार किंवा धैवत प्रत्येक रागात, किंबहुना प्रत्येक घराण्यात, नेमका त्याच जागी लागतो हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांनीही श्रुतींचे असे ठाम गणित स्वीकारले नाही.

आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. त्या काळातही गावोगावची भजने, चर्चमधली उपासना आणि नाट्यगृहे पेटीवरच चालली. नळ्यांचा ऑर्गन मराठी मुलखात मोजक्या शहरी चर्चपुरता राहिला. संगीत नाटकातल्या पायपेटीची जागा पुढे बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक वाद्याने घेतली. बावीस श्रुतींचा विषयही संपलेला नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात तयार केलेल्या पेटीत पट्टीखालची खुंटी ओढली की त्याच स्वराची दुसरी श्रुती वाजते.