जुन्या कॅमेऱ्यांचा संग्रह

जुन्या कॅमेऱ्यांचा संग्रह : उत्पादन थांबलेले फिल्मचे कॅमेरे जमविणे, दुरुस्त करणे आणि शक्यतो वापरात ठेवणे हा छंद. अंकीय छायाचित्रणाच्या प्रसारामुळे हे कॅमेरे व्यवसायातून मागे पडले. तथापि त्यांची यांत्रिक रचना व छायाचित्रणाच्या इतिहासातील स्थान यांमुळे त्यांचे आकर्षण टिकून आहे.

संग्राहक बहुधा एखादा निर्माता, कालखंड किंवा रचनाप्रकार निवडतात. पेटी कॅमेरा (उदा., १९०० साली एक डॉलरला विक्रीस आलेला कोडॅक ब्राउनी), भात्याचा घडी कॅमेरा, दोन भिंगांचा परावर्ती कॅमेरा (उदा., १९२९ चा रोलायफ्लेक्स) व ३५ मिमी. फिल्मचा लहान कॅमेरा (उदा., १९२५ चा लायका) हे प्रमुख प्रकार होत. भारतात तयार झालेला आग्फा क्लिक-३ हाही संग्राहकांच्या परिचयाचा आहे. कॅमेऱ्याचे मूल्य केवळ वयावर ठरत नाही. दुर्मिळता, स्थिती व पूर्वेतिहास यांवर ते अवलंबून असते. विपुल उत्पादनामुळे ब्राउनी आजही स्वस्त मिळतो. याउलट लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या वापरातील कॅमेऱ्याला २०२२ मधील लिलावात १·४४ कोटी यूरो मिळाले.

वापराच्या दृष्टीने प्रथम फिल्मची उपलब्धता पाहावी लागते. १९०१ मध्ये आलेली १२० फिल्म अद्याप मिळते. ६२० फिल्मचे उत्पादन १९९५ मध्ये थांबले. मात्र दोहोंची रुंदी सारखीच असल्याने १२० फिल्म अंधारात ६२० च्या बारीक रिळावर गुंडाळून वापरता येते. प्रकाशमापक नसल्यास स्वच्छ उन्हात एफ/१६ छिद्र व १०० वेगाच्या फिल्मसाठी सु. १/१०० सेकंद हा ढोबळ नियम उपयोगी पडतो.

दमट हवेत भिंगावर बुरशी वाढते व काचेवर कायमचे चरे पडू शकतात. म्हणून कॅमेरे चामडी पेटीत बंद न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी ठेवतात. दीर्घकाळ न वापरल्यास वंगण घट्ट होऊन झडप मंदावते. भात्याची छिद्रे अंधारात आत दिवा धरून शोधता येतात. दुरुस्ती आवश्यक असली, तरी मूळ चामडे, रंग व अक्षरे बदलल्यास कॅमेऱ्याचे ऐतिहासिक मूल्य घटते. म्हणून किमान व पूर्ववत करता येण्याजोगीच दुरुस्ती इष्ट ठरते. जुन्या कॅमेऱ्यात कधीकधी न धुतलेली फिल्म सापडते. पाठ उजेडात उघडल्यास तीवरील चित्रे कायमची नष्ट होतात. ती प्रथम अंधारात काढून जाणकाराकडे सोपवावी.