म्हातारा कुत्रा घरात घाण करतो तेव्हा

दहा-बारा वर्षं शिस्तीत राहिलेला कुत्रा एके दिवशी दिवाणखान्यातच शू करतो, मग शीही घरातच होऊ लागते. त्यावर ‘वय झालं, आता असंच चालायचं’ हे उत्तर जसं पुण्यात ऐकू येतं, तसंच बंगळुरूच्या शिवाजीनगरमधल्या मराठी घरांतही. पण वय हे निदान नव्हे. वयाबरोबर काही आजारांची शक्यता वाढते, आणि त्यातले बरेच ओळखता येतात, काही आटोक्यातही येतात. घाण कुठे पडली, कधी पडली आणि कशी होती, यावरूनच आजाराचा माग लागतो. वयाचं कारण पुढे केलं की नेमकं तेच पाहायचं राहून जातं.

पहिला गैरसमज असा की कुत्रा मुद्दाम करतो किंवा सवय विसरतो, म्हणून त्याला रागवावं, नाहीतर पाणी तोडावं. झोपेत अंथरूण ओलं होत असेल, तर लघवी सुटल्याचं त्याला कळतच नाही. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडून असं होतं आणि त्यावर औषध आहे. लघवी वारंवार, भरपूर आणि पाण्यासारखी होत असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल संप्रेरक वाढण्याचा विकार) तपासावा लागतो. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीलिटरपेक्षा जास्त पाणी पिणं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटरच्या वर पिणं, ही धोक्याची खूण. अशा कुत्र्याचं पाणी तोडलं तर तो कोरडा पडतो आणि आजार बळावतो. सांधे दुखणारा कुत्रा तर जिना उतरायलाच कचरतो. त्याचा प्रश्न पोटाचा नसून गुडघ्यांचा आणि कमरेचा असतो.

दुसरा गैरसमज खाण्याचा. म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट नाजूक, म्हणून नुसता दहीभात द्यावा, असं मानतात. भात कुत्र्याचा शत्रू नाही. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा जास्त असतात, हे २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं. पण निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याची पचनशक्ती फारशी घटत नाही, आणि स्नायू झिजत असताना त्याला प्रथिनं कमी नव्हे, पुरेशी लागतात. मूत्रपिंड बिघडलेल्याची गोष्ट वेगळी. त्याचं पथ्य डॉक्टरच ठरवतील. याच्या उलट टोकाला हाडं. बंगळुरूच्या शिवाजीनगरमध्ये रसेल मार्केटच्या परिसरात मटणाची दुकानं हाताशी असल्यावर हाडं आणि उरलेली बिर्याणी ताटलीत जाणं साहजिकच. पण शिजवलेल्या हाडाच्या चिरफळ्या आतड्याला इजा करतात, हाडांच्या चुऱ्याने शी खडूसारखी घट्ट होते, आणि बिर्याणीतला कांदा तांबड्या रक्तपेशी फोडतो.

जोर लावणं म्हणजे बद्धकोष्ठता आणि पातळ शी म्हणजे जुलाब, हे समीकरणही फसवं आहे. अडकलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ द्रव झिरपतो, तेव्हा जुलाब थांबवणारी गोळी अडथळा वाढवते. उलट, मोठ्या आतड्याला सूज आली की आतडं रिकामं असतानाही कुत्रा कुंथत बसतो. नसबंदी न झालेल्या नराची शी फितीसारखी चपटी येत असेल, तर वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी गुदाशयावर दाबत असण्याची शक्यता असते. कुत्रा ढुंगण जमिनीवर घासतो म्हणजे जंतच, असंही नाही; बहुतेक वेळा गुदग्रंथी तुंबलेल्या असतात.

यावर कोणी म्हणेल, काही कुत्र्यांना खरोखरच स्मृतिभ्रंश होतो. होतो. २००१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण आढळलं. पण त्याची एकच ठाम चाचणी नाही; बाकीची कारणं वगळल्यावरच तो ठरतो. म्हणजे तपासणी टळत नाहीच. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि भूल देण्याच्या भीतीचा. पहिल्या तपासणीला, म्हणजे हाताने पोट आणि गुदद्वार चाचपणं, लघवी, शी आणि रक्त पाहणं, याला सहसा भूल लागत नाही. बंगळुरूत क्वीन्स रोडवर सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. आणि सगळं बरं होणार नसेल, तरी वेदना कमी करण्यासाठी किंवा शेवटचा कठीण निर्णय घेण्यासाठीही आजार माहीत असावा लागतोच.

घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल मात्र कुत्र्याला देऊ नका. पहिल्या दोन औषधांनी जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडही बिघडू शकतं, तिसऱ्याने यकृताला आणि रक्ताला अपाय होतो. डांबरासारखी काळी शी, थेंबही लघवी न होता कुंथणं किंवा सतत उलट्या दिसल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी आठवडाभर पाणी, शी आणि लघवीची नोंद ठेवा, शीचा ताजा नमुना आणि सकाळची लघवी स्वच्छ डबीत घ्या आणि डॉक्टरांकडे जा. ‘वय झालं’ हे उत्तर तपासणीनंतर द्यावं, तपासणीऐवजी नव्हे.