संवाद ऐकू येत नाहीत? आधी सेंटर स्पीकर हलवून बघा

सिनेमात मारामारी सुरू झाली की घर हादरतं आणि बोलणं सुरू झालं की अम्मी विचारतात, "काय म्हणाला तो?" मग आवाज वाढवायचा, स्फोट झाला की घाईघाईने कमी करायचा. होम थिएटर असलेल्या बऱ्याच घरांत हेच चालतं. पण लगेच नवा स्पीकर घ्यायला निघू नका. ५.१ सिस्टीममध्ये बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात आणि आपण नेमका तोच शोकेसच्या कप्प्यात आत ढकलतो.

कप्प्यात आवाज फळ्यांवर आपटून घुमतो, शब्द गढूळ होतात. स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा. तो फार खाली असेल तर पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा सरकवून तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे करा. प्रत्येक बदलानंतर तोच प्रसंग, तेवढ्याच आवाजावर ऐका. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर असतील तर कडेला बसलेल्यांना बोलणं अंधुक ऐकू येतं, कारण दोघांचे आवाज तिथे काही प्रमाणात एकमेकांना मारतात. जागा असेल तर तो उभा ठेवून बघा. दिसायला बरा नाही, हे मान्य.

आता वायर. सिस्टीम बंद करून, प्लग काढूनच हात लावा. लाल टोक दोन्हीकडे लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर आवाज येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण बाकीच्यांशी त्याचा मेळ बसत नाही आणि आवाज पोकळ वाटतो. तांब्याची एकही तार सुटी राहून शेजारच्या टोकाला टेकू देऊ नका, अँप्लिफायर जळू शकतो. महागडी वायर लागत नाही. घरगुती अंतराला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. दोन सेंटर समांतर जोडायचा मोह टाळा: ८ ओमचे दोन मिळून ४ ओम होतात आणि लहान अँप्लिफायर तापतो.

तरीही बोलणं कळत नसेल तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' करा. संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतील. बरोबर मधोमध बसून ऐका. साफ आले तर दोष सेंटरकडेच आहे. तेव्हाही घुमले तर खोली रिकामी आणि फरशी उघडी आहे. जाड पडदे, गालिचा घालून बघा.

जागा पक्की झाली की बसण्यापासून सेंटरपर्यंतचं अंतर टेपने मोजून सेटिंगमध्ये भरा आणि सेंटरची पातळी २-३ डेसिबलने वाढवा.