उन्हाळा सोसणारा रेणू

हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याला मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. उन्हातल्या भिंतीवरचा विजेचा मीटर तर त्याहून अधिक तापतो. तरीही त्याच्या राखाडी पट्टीवरचे काळे आकडे वाचता येतात. यामागे एका रेणूची घडण सुधारण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी चिकाटीने केलेलं काम आहे.

हे आकडे स्वतः प्रकाशत नाहीत. दोन काचांमध्ये काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. हा पदार्थ वाहतो, पण त्याचे काडीच्या आकाराचे रेणू एकमेकांना समांतर राहतात. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी 1970 साली स्वित्झर्लंडमध्ये या रेणूंच्या रचनेला एका काचेपासून दुसरीपर्यंत पाव वळसा दिला. प्रकाशाच्या कंपनांची दिशा त्या वळशाबरोबर फिरते आणि एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरमधून प्रकाश पार होतो. व्होल्टेज दिलं की रेणू काचेला काटकोनात उभे राहतात, वळसा मोडतो आणि तेवढा भाग काळा होतो. आकडा उमटतो तो असा.

पण व्होल्टेज मिळताच रेणूने उभं का राहावं? इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये जाहीर केलेला ‘5सीबी’ हा रेणू पाहिला की उत्तर मिळतं. बेंझिनची दोन कडी थेट जोडलेली, एका टोकाला पाच कार्बनची लवचीक शेपटी, दुसऱ्या टोकाला सायनो गट. सायनो गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे रेणूच्या लांबीच्या दिशेने विद्युतभार विभागला जातो आणि विद्युतक्षेत्र त्याला आपल्या दिशेने वळवतं. ही ओढ जितकी जास्त, तितकं कमी व्होल्टेज पुरतं. कड्यांमधले इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने अधिक सहज हलतात, म्हणून प्रकाशाचा वेग रेणूच्या लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने वेगळा असतो. प्रकाशाला वळवता येतं ते या फरकामुळेच. शेपटीमुळे रेणू घट्ट रचले जाऊन गोठत नाहीत.

याआधीच्या ‘एमबीबीए’ या द्रवस्फटिकात दोन कड्यांमध्ये कार्बन-नायट्रोजनचा दुवा होता आणि दमट हवेत तो तुटायचा. ग्रे यांनी दुवाच काढून टाकला. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा निर्णय म्हणावा लागेल.

अडचण तापमानाची होती. शुद्ध 5सीबीची द्रवस्फटिक अवस्था साधारण 24 ते 35 अंशांपर्यंतच टिकते. नुसत्या त्याची पट्टी मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ठेवली तर रेणूंची शिस्त मोडेल, प्रकाश वळणार नाही आणि अख्खी पट्टी काळी पडेल. शेपटी लांबवून भागत नाही. आठ कार्बन झाले की रेणू थरांत बसू लागतात. उपाय निघाला मिश्रणाचा. ‘ई7’ या मिश्रणात वेगवेगळ्या शेपट्यांच्या भावंडांबरोबर तीन कड्यांचा एक ताठ रेणूही घातला गेला. हे मिश्रण उणे 10 पासून जवळजवळ 60 अंशांपर्यंत चालतं.

टीव्हीच्या पडद्याला मात्र सायनो गट मानवला नाही. तो आयनांना धरून ठेवतो आणि पिक्सेलमधला भार गळतो. तिथे फ्लोरिन आलं. ते कड्याच्या बाजूला लावलं तर भाराची दिशा आडवी होते. असे रेणू एरवी उभे असतात आणि व्होल्टेज मिळालं की कलतात. अशा पडद्यांवर काळा रंग गडद दिसतो, तो त्यामुळे.

रेणू काडीसारखाच हवा, हा समज भारतात मोडला. नागपूर विद्यापीठातून 1951 मध्ये एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांवर काम करू लागले. 1977 मध्ये त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह चकतीच्या आकाराचे द्रवस्फटिक जगापुढे आणले. मध्ये बेंझिनचं कडं, भोवती सहा शेपट्या. हे रेणू भाकरींच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात. प्रकाशाच्या बाबतीत चकतीचा गुण काडीच्या उलट असतो. 1990च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने नेमका हाच गुण वापरून चकतीच्या रेणूंची पातळ फिल्म बनवली. ती पडद्याला चिकटवल्यावर बाजूने पाहणाऱ्यालाही चित्र बरंच स्वच्छ दिसू लागलं.