प्रोस्टेट : गळणे म्हणजे मोकळे होणे नव्हे

भंडारा जिल्ह्यातले आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. माझे वडील तिथेच मागावर बसत. सत्तरी उलटल्यावर ते काम अर्धवट टाकून सारखे परसात जाऊ लागले. जात, बराच वेळ उभे राहत, परत येत. विचारले की म्हणत, ‘‘वय झालं, होतेच असं.’’ पुढे धोतर ओले राहू लागले आणि त्यांनी लग्नकार्याला जाणे सोडले. लघवी फार होते, असे समजून पाणीही कमी केले. प्रत्यक्षात ती होतच नव्हती. तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून नुसती ओसंडत होती. हा उलटा न्याय समजून घेण्यासाठी मी या विषयाच्या वाचनाला लागलो.

दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत. त्यांतली ‘वाताष्ठीला’ म्हणजे गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये होणारी, मल-मूत्र अडवणारी कठीण गाठ. आजचे अनेक वैद्य तिची तुलना वाढलेल्या प्रोस्टेटशी करतात.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. तारुण्यात ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते, हीच सगळी अडचण. उतारवयात ग्रंथी वाढली की ती नलिका आवळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; मात्र दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

लक्षणे दोन तऱ्हेची. पहिली अडण्याची : लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक व तुटक होणे, जोर करावा लागणे, पूर्ण न झाल्यासारखे वाटणे. दुसरी अनावरतेची : वारंवार जावे लागणे, रात्री दोन-तीनदा उठणे, घाई होणे. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही.

अडथळ्याशी झुंजताना मूत्राशयाचे स्नायू आधी जाड होतात, मग थकतात. आत साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, खडे बनतात, कधी रक्त पडते. काहींची लघवी एकाएकी पूर्ण बंद होते. पोटात असह्य कळा येतात आणि तातडीने नळी घालावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही असे घडू शकते. पण अधिक फसवा प्रकार हळूहळू तुंबण्याचा. त्यात बहुधा दुखत नाही. दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि ती निकामी होऊ लागतात.

वडिलांचे तेच झाले होते. पाय सुजले, अन्न जाईना, तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली निघाली. नळी घालून लघवी काढली, पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंडे सावरली, पण पूर्ण नाही. वेळीच गेलो असतो, तर कदाचित गोळ्यांवर भागले असते : काही गोळ्या नलिकेभोवतीचे स्नायू सैल करतात, काही ग्रंथी लहान करतात, दुसऱ्या प्रकाराला गुण यायला महिने लागतात.

आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नसे. मुलाने वडिलांना असे काय विचारायचे, हा संकोच माझाही होता. ओले धोतर मी कितीदा पाहिले होते. विचारले मात्र एकदाच, आणि ‘वय झालं’ हे उत्तर मुकाट्याने मान्य केले.