सोळा मिलिसेकंदांचं अंदाजपत्रक

गेमिंगसाठी संगणक असेंबल करायचा ठरला, की बहुतेक घरांत बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं. ‘आय-फाइव्ह’ पुरेल की ‘आय-सेव्हन’च हवा, रॅम 16 जीबी घ्यायची की 32, यावर बराच खल होतो. मग उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड, आणि त्यातूनही काही शिल्लक राहिलं तर मॉनिटर आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर होवो की ऑनलाइन, 60-70 हजारांचं बजेट फसतं ते बहुधा याच क्रमामुळे. क्रम उलटा हवा. आधी पडदा, मग ग्राफिक्स कार्ड आणि त्यानंतर त्या कार्डाला पुरेल एवढा प्रोसेसर. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गेममधलं एक चित्र तयार व्हायला किती वेळ लागतो आणि तो कुठे खर्ची पडतो हे मोजता येतं, आणि पैसे कुठे घालायचे याचं उत्तर त्या मोजणीतच आहे.

पडद्यावरचा खेळ म्हणजे झरझर बदलणारी स्थिर चित्रं. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 हव्या असतील तर 6.9. एवढ्या वेळात दोन वेगळ्या स्वभावाची कामं उरकावी लागतात. खेळाडूनं कोणती कळ दाबली, प्रतिस्पर्धी कुठे सरकला, गोळी भिंतीला लागली की माणसाला, हे ठरवून ‘आता अमुक वस्तू अमुक जागी काढ’ अशा हजारो सूचना तयार करणं हे प्रोसेसरचं काम. यात एका निर्णयावर पुढचा निर्णय अवलंबून असतो, म्हणून इथे थोडे पण चपळ कोअर लागतात. त्या सूचनांवरून प्रत्येक बिंदूचा रंग काढणं हे ग्राफिक्स कार्डचं काम. 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर असे 20,73,600 बिंदू असतात आणि एकाचा रंग काढताना शेजारच्याची फारशी वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे इथे साधी आकडेमोड करणारे हजारो छोटे कोअर एकाच वेळी राबवता येतात. रायझन 5 5600 या प्रोसेसरमध्ये 6 कोअर आहेत, तर आरटीएक्स 4060 या मध्यम कार्डावर 3,072. दोन्हीकडच्या कोअरची थेट तुलना करता येत नाही, पण कामाची विभागणी त्यातून कळते.

कळीचा मुद्दा पुढे आहे. ही दोन कामं एकामागोमाग होत नाहीत. ग्राफिक्स कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो. त्यामुळे फ्रेमला लागणारा वेळ ही दोघांच्या वेळांची बेरीज नसते; दोघांतला जो संथ, त्याचाच वेळ धरला जातो. समजा, प्रोसेसरला 8 मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला 14. मग फ्रेम दर 14 मिलिसेकंदांनी येणार, म्हणजे सेकंदाला सुमारे 71. आता जादा दहा हजार घालून 5 मिलिसेकंदांत काम उरकणारा प्रोसेसर आणला तर काय होईल? फ्रेम 71 च राहतील, कारण कार्डाचे 14 मिलिसेकंद जागचे हललेले नाहीत. तेच पैसे कार्डात घालून त्याचा वेळ 9 मिलिसेकंदांवर आणला, तर फ्रेम 111 होतात. कार्ड आणखी भारी घेऊन 5 मिलिसेकंदांवर नेलं, तर मात्र प्रोसेसरचे 8 मिलिसेकंद आड येतात आणि आकडा 125 वर अडतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण कामाची पद्धत हीच आहे. संथ भागावर घातलेला पैसा पडद्यावर दिसतो. ज्या भागाला आधीच सवड आहे, त्याच्यावर घातलेला पैसा वाया जातो.

मग कोणता भाग संथ ठरणार हे आधी कसं ओळखायचं? तर पडद्यावरून. 2560 गुणिले 1440 च्या मॉनिटरवर 36,86,400 बिंदू असतात, फोर-केवर 82,94,400, म्हणजे साध्या फुल एचडीच्या बरोबर चौपट. पडदा बदलला की कार्डाचं ओझं जवळपास त्या प्रमाणात वाढतं. प्रोसेसरचं काम मात्र फारसं बदलत नाही, कारण प्रतिस्पर्धी कुठे उभा आहे याचा हिशोब पडद्यावर बिंदू किती आहेत यावर ठरत नाही. म्हणूनच मॉनिटर ठरवल्याशिवाय कार्ड निवडणं निरर्थक आहे. मर्यादित बजेटमध्ये माझा कौल 24 इंची फुल एचडी आणि 100 ते 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्याला आहे. 20 लाख बिंदूंचं ओझं मध्यम कार्डाला पेलवतं, आणि पडदा वेगवान असेल तर कार्डानं तयार केलेल्या फ्रेम डोळ्यांपर्यंत पोचतातही. 60 हर्ट्झच्या पडद्याला सेकंदाला 120 फ्रेम पुरवल्या, तरी तो चित्र 60 वेळाच बदलतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक 2’ खेळणाऱ्यांना हे गणित लागू पडतं का? पूर्णपणे नाही. या खेळांत दृश्य तुलनेनं साधं असतं आणि खेळाडूला सेकंदाला दोन-दोनशे फ्रेम हव्या असतात. कार्डाचं काम चटकन संपतं आणि प्रोसेसरच मागे पडतो. ज्याला फक्त असेच खेळ खेळायचे आहेत, त्यानं प्रोसेसरला जास्त वाटा द्यावा. नियम तोच राहतो, फक्त संथ भाग बदलतो. हाताशी जुना संगणक असेल तर तो भाग घरबसल्या सापडतो. गेमच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशन कमी करून पाहावं. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

कार्ड निवडताना कोअरइतकंच महत्त्व त्याच्या स्वतःच्या मेमरीला आहे, आणि गेल्या काही वर्षांत सर्वाधिक फसगत इथेच झाली आहे. 2020 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 मध्ये 16 जीबीची सामाईक मेमरी आहे. मोठे खेळ त्याच्या मापानं बनू लागले, तशी संगणकावरची 8 जीबीची कार्डं अपुरी पडू लागली. मार्च 2023 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 1’ संगणकावर आला तेव्हा हे ठळकपणे दिसलं. 2025 मध्ये एनव्हिडियानं आरटीएक्स 5060 टीआय हे कार्ड 8 आणि 16 जीबी अशा दोन रूपांत आणलं. चिप तीच, फरक फक्त मेमरीचा. एखाद्या प्रयोगासारखीच ही रचना. काही नव्या खेळांत चित्राचा तपशील वाढवला, की 8 जीबीवालं कार्ड अडखळतं आणि 16 जीबीवालं सुरळीत चालतं.

असं होण्यामागचं कारण साधं आहे. कार्डाची मेमरी भरली, की उरलेला डेटा मदरबोर्डवरच्या पीसीआय-एक्स्प्रेस या मार्गानं मुख्य रॅममधून आणावा लागतो. 2022 मधलं एएमडीचं स्वस्त आरएक्स 6500 एक्सटी घ्या. त्याच्या 4 जीबी मेमरीचा वेग सेकंदाला 144 जीबी आहे, पण ते मदरबोर्डशी फक्त 4 लेननं जोडलं जातं. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर या मार्गाचा वेग सेकंदाला जेमतेम 4 जीबी. म्हणजे 16.7 मिलिसेकंदांत स्वतःच्या मेमरीतून सुमारे 2.4 जीबी वाचता येतात, तर बाहेरून फक्त 66 एमबी येतात. भराभर येणाऱ्या फ्रेम मध्येच गचका खातात त्या इथे. आणि असं स्वस्त कार्ड जुना बोर्ड असलेले लोकच घेतात, म्हणजे ज्याला त्याची सर्वाधिक गरज, त्यालाच त्याचा सर्वाधिक फटका. सुटा भाग चांगला की वाईट हे एकट्यानं ठरत नाही, तो कशाला जोडला जातो त्यावर ठरतं, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारं उदाहरण मला माहीत नाही.

‘प्रोसेसर आत्ताच भारी घेऊ, कार्ड नंतर बदलू’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, कारण बोर्डावरचा प्रोसेसर बदलण्यापेक्षा कार्ड बदलणं सोपं असतं. पण मधली दोन-तीन वर्षं खेळ आजच्या कार्डावर खेळायचे असतात. शिवाय बोर्ड जपून निवडला तर प्रोसेसरही बदलता येतो. एएमडीच्या एएम4 सॉकेटवर 2017 मध्ये पहिले रायझन आले आणि त्यांतल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून 2022 मधला 5800एक्स3डी चालवता येतो. मात्र ‘पुरेसा’ प्रोसेसर याचा अर्थ ‘मिळेल तो’ असा होत नाही. सप्टेंबर 2011 मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी सोडून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली आणि चाचण्यांची पद्धतच बदलली. 59 फ्रेम 15 मिलिसेकंदांच्या आणि एक 115 ची असेल, तरी सरासरी 60 च भरते. खेळणाऱ्याला मात्र तो धक्का जाणवतो. अपुऱ्या प्रोसेसरमुळे असेच धक्के बसतात. म्हणून आज 6 कोअरच्या खाली जाऊ नये. कॅश मेमरीही पाहावी. रायझन 5 5500 आणि 5600 हे दोन्ही 6 कोअरचे, पण पहिल्यात 16 एमबी एल-थ्री कॅश आहे, दुसऱ्यात 32. हवा तो डेटा कॅशमध्ये सापडला नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तेवढा वेळ कोअर ताटकळत बसतो. किमतीत थोडाच फरक असेल, तर दुसराच घ्यावा.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. डीएलएसएस आणि एफएसआरसारखी तंत्रं कमी बिंदूंचं चित्र काढून ते मोठं करतात, मग कार्डावर एवढा खर्च कशाला? हे तंत्र खरोखर उपयोगी आहे. फुल एचडीच्या पडद्यासाठी ‘क्वालिटी’ पर्याय निवडला, तर कार्ड प्रत्यक्षात 1280 गुणिले 720 चं, म्हणजे 44 टक्केच बिंदूंचं चित्र काढतं. पण छोट्या पडद्यावर मुळातला तपशीलच कमी, म्हणून मोठ्या पडद्यावर जेवढं सफाईदार दिसतं तेवढं इथे दिसत नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेली फ्रेम घालणारं ‘फ्रेम जनरेशन’ तर प्रोसेसरकडून नवी माहिती घेतच नाही. चित्र सरकतं, पण कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्यानं लवकर येत नाही. मुळात 60 च्या आसपास फ्रेम देणाऱ्या संगणकाला ते शोभतं. 25 वर रखडलेल्या संगणकाला ते वाचवू शकत नाही.

सेकंडहँडचा मार्ग मला पूर्ण मान्य आहे, पण डोळसपणे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या कूटचलनानं मायनिंगची पद्धत सोडल्यावर तिथे राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली. त्यांतली बरीच आजही चांगली चालतात. समोर बसून अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगावं आणि पंखे, तापमान पाहावं. फार जुनं मात्र घेऊ नये. डिसेंबर 2024 मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढण्याचं, हार्डवेअर नसलेल्या कार्डांसाठी बनवलेलाच नाही, त्यामुळे एके काळचं अव्वल जीटीएक्स 1080 टीआय तिथे बाद ठरतं. प्रोसेसरचंही तसंच आहे. विंडोज 10 ला मिळणारं नेहमीचं साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबलं, आणि विंडोज 11 वर ‘व्हॅलोरंट’ला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. कार्यालयांतून निवृत्त झालेले जुने संगणक स्वस्त मिळतात, पण त्यांतले कित्येक या अटीत बसत नाहीत.

काटकसर कुठे करावी? एनव्हीएमई एसएसडी महागडी घेण्याची गरज नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येताना फरक प्रचंड पडतो, त्यापुढे तो किरकोळ राहतो. कॅबिनेटचे रंगीत दिवे आणि काचेचा दर्शनी भागही सोडून द्यावा. पुढे जाळी हवी. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि कॅबिनेटमधलं तापमान खोलीतल्या तापमानापेक्षा वरच राहतं. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले, म्हणून सध्या 16 जीबीवर थांबणं शहाणपणाचं. पण ती 8-8 जीबीच्या दोन स्टिकमध्ये घ्यावी. डीडीआर4-3200 ची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी देते, दोन मिळून 51.2.

एसएमपीएसवर मात्र एक रुपयाही वाचवू नये. 130-150 वॉटचं कार्ड आणि 65 वॉटचा प्रोसेसर असलेला संगणक सगळं धरून 300 वॉटच्या आसपास राहतो, म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा 550 वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही 12 व्होल्टच्या लाइनवर चालतात, म्हणून डब्यावरचा मोठा आकडा न पाहता लेबलवर 12 व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते वाचावं. 300 वॉटसाठी तिथे 25 अँपिअर लागतात. ‘80 प्लस’चं बोधचिन्ह कार्यक्षमता सांगतं, सुरक्षितता नाही. शॉर्टसर्किट आणि जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. 40 हजारांचे सुटे भाग ज्याच्या भरवशावर चालणार, तो भाग बेनामी असणं मला मुळीच पटत नाही.

संगणक जुळून घरी आला, की तीन गोष्टी त्याच दिवशी तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डालाच लावलेली हवी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट मॉनिटरच्या कमाल आकड्यावर हवा, कारण 144 हर्ट्झचा पडदा अनेकदा 60 वरच सुरू होतो. आणि बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू करा. ते केलं नाही, तर 3200 ची रॅम 2133 किंवा 2666 वरच चालत राहते.